दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची हत्यारं बनतात कुठे, आणि टिकतात का?

कोथरूड_गॅरेज
ऑनलाइन दुकानं आणि मोठे मॉल आता स्वतःच्या नावाने पान्यांचे सेट विकतात. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअर बाजारात मिळणाऱ्या नावाजलेल्या मालापेक्षा ते बरेच स्वस्त पडतात आणि सगळ्यांवर 'क्रोम व्हॅनेडियम' (एक मजबूत मिश्र पोलाद) कोरलेलं असतं. हा माल मुळात बनवतं कोण? गोटी (सॉकेट) सेट, रिंग पाने, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे आहेत. काम म्हणजे मोटारसायकलची घरच्या घरी सर्व्हिसिंग आणि घरातलं थोडं वायरिंग.

भोसरी_टूलरूम
दुकानाचा स्वतःचा कारखाना नसतो. दुकान नमुना आणि किंमत ठरवून ऑर्डर देतं, माल दुसराच कोणी बनवतो. आपल्याकडे पाने, पकडी, व्हाइस यांचं फोर्जिंग (तापवलेलं पोलाद ठोकून आकार देणं) मुख्यतः जालंधर-लुधियाना भागात होतं. राजस्थानात नागौरला पकडी, हातोड्या करणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. गोट्या आणि रॅचेट (गोटी फिरवायचा खटक्याचा दांडा) बहुतेक वेळा तैवान किंवा चीनमधून येतात. तैवानात ताइचुंग हे त्याचं केंद्र. अमेरिकेतही हीच रीत: सीअर्स या दुकानांच्या साखळीचा 'क्राफ्ट्समन' ब्रँड दशकानुदशकं वेगवेगळे कारखाने बनवून देत होते, आणि 2017 मध्ये तो ब्रँड स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने विकत घेतला. याउलट तापडियाचा स्वतःचा कारखाना नाशिकला आहे, जेके फाइल्सच्या कानशी रत्नागिरी-चिपळूणकडे बनतात.

खरी अडचण अशी की एकाच कारखान्यातून, एकाच डायवर (साच्यावर), दोन प्रतींचा माल निघतो. गिऱ्हाइकाने भाव पाडला की क्रोम व्हॅनेडियमऐवजी साधं कार्बन स्टील येतं, किंवा टेम्परिंगचा (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून चिवट करण्याचा) वेळ आणि तपासणी कमी होते. चकाकी तेवढीच राहते. पुढच्या वर्षी पुरवठादार बदलला तरी पाकीट आणि कोड तोच असतो, त्यामुळे जुने रिव्ह्यू वाचून फारसं कळत नाही.

पाकिटाची मागची बाजू वाचा. 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापावा लागतो, आयात मालावर मूळ देशही. नुसतं 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारा कोण एवढंच कळलं.

व्हर्निअर_जवळ_ठेवा
वरच्या उत्तराशी सहमत, पण घेताना हातात धरून तपासता येतं, ते जास्त कामाचं. फिक्स पान्याचं तोंड व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा. 10 चा पाना 10.2 मिमीच्या वर भरला तर ठेवून द्या. एम6 (6 मिमी जाडीच्या) बोल्टचं डोकं त्याच पान्याने गोल होतं. गोट्या सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवर जोर देते, गंजलेला नट तिथेच सोलला जातो.

रॅचेटला 24 दात असतील तर दर खटक्याला 15 अंश फिरवावं लागतं, 72 असतील तर 5 अंश. चेसिसच्या आत हात जेमतेम जातो तिथे 72 वाला हवाच, पण दात बारीक असल्याने स्वस्त मालात तेच आधी तुटतात. ॲक्सलचा नट रॅचेटने सोडवू नका, त्याला लांब दांडा किंवा रिंग पाना.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापायच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. मग तांब्याच्या वायरची एकच बारीक तार धारेच्या टोकाशी कापून पाहा, नुसती दुमडली तर धार जुळलेली नाही. विकत घेतल्यावर धारेवर जुनी कानस हलकेच फिरवा: ती घसरली पाहिजे. चावली तर धार मऊ आहे, खिळा कापला की खाच पडेल. पान्यावर मात्र कानस थोडी चावणारच, कारण पाना साधारण 40-45 एचआरसीचा (रॉकवेल कडकपणाचं माप) ठेवतात. त्याहून फार कडक केला तर तो वाकण्याआधी तडकतो.

कोथरूड_गॅरेज
म्हणजे काय दुकानाच्या ब्रँडचं घेऊ आणि काय नको?

भोसरी_टूलरूम
गोटी सेट आणि ॲलन की चालतील; एम6 ला जेमतेम 10 न्यूटन-मीटर लागतात, एवढ्याने साधा पानाही मरत नाही. पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर नावाजलेले घ्या. धार आणि टोक ह्या दोन्ही गोष्टी हीट ट्रीटमेंटवर (पोलाद तापवून-थंड करून कडक करण्यावर) उभ्या असतात आणि तीच बाहेरून दिसत नाही. पीएच2 चं (फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरचा एक आकार) टोक मऊ असेल तर कार्ब्युरेटरचे स्क्रू खराब होतात, मग ते ड्रिल करून काढावे लागतात.

वायरमन_हडपसर
वायरिंगबद्दल वेगळं सांगतो. पकडीच्या दांड्यावरचं जाड रंगीत प्लास्टिक म्हणजे इन्सुलेशन नव्हे, ते फक्त हाताची पकड घट्ट बसण्यासाठी असतं. दोन त्रिकोणांची खूण, 1000 V आणि आयईसी 60900 (इन्सुलेटेड हत्यारांच्या मानकाचा क्रमांक) हे तिन्ही हत्यारावरच छापलेलं पाहिजे, पाकिटावर असून उपयोग नाही. स्क्रू ड्रायव्हरला इन्सुलेशन टोकाजवळपर्यंत दांडीवर चढलेलं असतं. एवढं असलं तरी एमसीबी पाडून, टेस्टरने तपासूनच हात घाला, आणि आवरणाला चीर गेली की ती पक्कड वायरिंगच्या पेटीतून बाहेर काढा.