'कॉप किलर' गोळीला मराठीत काय म्हणाल? आणि 'बुलेटप्रूफ'मधलं प्रूफ

भटकी_लेखणी: मंडळी मदत हवीये. एका अमेरिकन माहितीपटाची मराठी सबटायटलं करतेय, त्यात 'कॉप किलर बुलेट' सारखं सारखं येतंय. 'पोलीसमारी गोळी' केलं तर आईने वाचून विचारलं, ढेकूण मारायच्या औषधासारखं काय लिहिलंयस? आपल्याकडे गोळी म्हणजे क्रोसिनही आणि पिस्तुलातलीही, त्यामुळे घोळ. निवेदक म्हणतो या गोळीला टेफ्लॉन लावलेलं असतं म्हणून ती पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटमधून सुर्रकन जाते. तव्याचंच ना हे टेफ्लॉन?

नानाची_टांग: हो तव्याचंच, आणि दावा पण तव्यावरून घसरणाऱ्या घावनासारखाच आहे. ही केटीडब्ल्यू गोळी, कॉप्श, टर्कस आणि वॉर्ड या तिघांची आद्याक्षरं. साठच्या दशकात बनवली ती पोलिसांसाठीच, कारण साधी शिशाची गोळी गाडीच्या दारावर नाहीतर काचेवर चपटी व्हायची. मग शिशाऐवजी कडक धातू घेतला, आधी टंगस्टन-पोलाद वगैरे, नंतर पितळ. पण कडक गोळी बंदुकीची नळी आतून खरवडते, म्हणून वरून हिरवट टेफ्लॉनचा लेप. भेदायचं काम धातू करतो, लेप नाही.

क्लीव्हलंडकर: मी ओहायोतल्या लोरेन काउंटीच्या शेजारीच राहतो, यातले डॉ. पॉल कॉप्श तिथले कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी होते. त्यांनीच नंतर सांगितलं होतं की टेफ्लॉनने धातू आणि काचेवर फायदा होतो पण केव्हलारमध्ये, म्हणजे जॅकेटच्या मजबूत धाग्यात, उलट गोळी कमीच शिरते. पण १९८२ ला एनबीसी या टीव्ही वाहिनीवर यावर कार्यक्रम झाला आणि लोकांच्या डोक्यात टेफ्लॉन जे बसलं ते बसलंच. गंमत म्हणजे १९८६ चा फेडरल कायदा वाचा, त्यात टेफ्लॉनचं नावच नाही, गोळीचा गाभा कशाचा आहे त्याची यादी आहे: टंगस्टन, पोलाद, लोखंड, पितळ, कांसं असं. कायद्यातला शब्द 'आर्मर पियर्सिंग'. 'कॉप किलर' हा हेडलाइनवाल्यांचा.

भटकी_लेखणी: मग 'चिलखतभेदी' करू का? छान वाटतंय, पण निवेदकाचा तो भडकपणा जातो त्यात.

नानाची_टांग: भडकपणा त्याचा आहे तर राहू दे की, अवतरणचिन्हात 'पोलीस मारणारी गोळी' टाका, म्हणजे कळतं की बोलणारा म्हणतोय, तुम्ही नाही. तेच 'कॉप किलर' नाव पुढे विंचेस्टर कंपनीच्या ब्लॅक टॅलन गोळीला पण चिकटलं बघा. १९९३ मध्ये विंचेस्टरने ती सामान्य गिऱ्हाइकांना विकणं बंद केलं. ती तर पोकळ टोकाची, लागली की फुलणारी. फुललेली गोळी जॅकेटमध्ये अडकायचीच शक्यता जास्त. पण रंग काळा आणि नावात नखं (टॅलन म्हणजे शिकारी पक्ष्याचं नख), झालं!

माई_नागपूर: मला 'बुलेटप्रूफ'वर बोलायचंय. प्रूफ म्हटलं की आपण 'वॉटरप्रूफ' धरतो, म्हणजे आत काही जाणारच नाही. मूळ अर्थ परीक्षा. जुन्या युरोपात चिलखत करणारा कारागीर छातीच्या पत्र्यावर पिस्तुलाचा एक बार काढून दाखवायचा आणि पडलेला खळगा तसाच ठेवायचा, तोच पुरावा. म्हणजे खळगा आहे म्हणून प्रूफ! आणि पुरावा एवढाच की त्या पिस्तुलाला तो पत्रा टिकला. बाकी कशाची हमी नाही.

क्लीव्हलंडकर: माई, एक नंबर! आजही तेच चालतं. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या सरकारी संस्थेच्या मानकात जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर बांधून गोळ्या झाडतात, गोळी आरपार गेली नाही तरी मागे मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खळगा पडला तर जॅकेट नापास. मानकाच्या नावात पण 'रेझिस्टन्स' आहे, प्रूफ नाही. २००८ च्या मानकात मऊ जॅकेटची वरची पायरी थ्री-ए, ती .४४ मॅग्नम या जोरदार पिस्तुली गोळीपर्यंत. रायफल आली की कडक प्लेट लागते. म्हणून "हँडगनची गोळी जॅकेट भेदते" असं कोणी म्हणालं की आधी विचारा, कुठली गोळी आणि कुठल्या पायरीचं जॅकेट? अर्ध्या वेळा पुढे उत्तरच येत नाही.

माई_नागपूर: आपल्या बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) पण २०१८ च्या मानकात 'बुलेट रेझिस्टंट जॅकेट'च लिहिलंय. पेपरवाले मात्र २६/११ पासून बुलेटप्रूफच लिहितात, आणि तेव्हा समोर होत्या एके-४७. 'गोळीरोधक' त्यातल्या त्यात बरा, पण 'रोधक' ऐकूनही लोक अभेद्यच समजणार.

भटकी_लेखणी: बरं, मग निवेदकाच्या तोंडी 'पोलीस मारणारी गोळी' अवतरणात, बाकी सगळीकडे 'चिलखतभेदी', आणि जॅकेट 'गोळीरोधक'. दिग्दर्शकाला अर्थात शेवटचा नकोय, म्हणतो प्रेक्षकांना बुलेटप्रूफच कळतं. आणि अजून एक, झाडल्यावर खाली पडते ती पुंगळीच ना? एका ठिकाणी 'रिकामं काडतूस' झालंय माझ्याकडून.

नानाची_टांग: पुंगळीच. काडतूस म्हणजे अख्खं, म्हणून तर बातमीत 'जिवंत काडतुसे' म्हणतात.