स्टिल्टच्या कॉलमला रिंगा किती अंतरावर? १३५ अंशांचा हूक खरंच लागतो का?

मुलुंड_साइट: रिडेव्हलपमेंट, स्टिल्ट (पार्किंगचा मोकळा तळमजला) + ७ मजले. कॉलम ३०० × ७५०, उभ्या सळया १६ मिमी, काँक्रीट एम३०, सळई एफई ५००डी, बीमखाली मोकळी उंची २.९ मी. ड्रॉइंगमध्ये उभ्या सळयांना वेढणाऱ्या ८ मिमीच्या रिंगा सरसकट १०० मिमी अंतरावर. फिटर रिंगेच्या टोकांना हूक ९० चाच मारतोय, म्हणतो १३५ ची रिंग बसत नाही आणि जॉइंटमध्ये (बीम-कॉलम मिळतात तिथे) रिंगा "कुणीच टाकत नाही". उभ्या सळयांचा लॅप (एकमेकींशेजारी ठेवून केलेला जोड) स्लॅबच्या लगेच वर सोडलाय. यातलं काय थांबवू?

गाभा१३५: सगळंच. मुंबई भूकंपाच्या झोन ३ मध्ये येते, म्हणजे आयएस १३९२०:२०१६ (भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं मानक) पाळणं आलंच. भूकंपात आधी कव्हर (रिंगेबाहेरचं काँक्रीट) उडतं, मग ९० ची शेपटी सुटी पडते, रिंग उघडते आणि उभी सळई बाहेर फुगते. १३५ ची शेपटी गाभ्यात (रिंगेच्या आतल्या काँक्रीटमध्ये) रुतलेली असते. सरळ भाग व्यासाच्या ६ पट, किमान ६५ मिमी. उभ्या सळया बांधून झाल्यावर बाजूने घालायला गेलं तर नाहीच बसणार, वरून ओवायची.

जॉइंटचं कारणही तेच. बीमचा सांगाडा शटरिंगमध्ये खाली सोडल्यावर रिंगेला वाट उरत नाही. तो वर टेकूवर असतानाच जॉइंटच्या रिंगा घाला, मग सगळं एकत्र सोडा. चारही बाजूंनी बीम असतील आणि प्रत्येकाची रुंदी कॉलमच्या त्या बाजूच्या पाऊण असेल तरच अंतर दुप्पट करता येतं, तेही १५० च्या आत. तुमच्या ७५० च्या बाजूला ५६० चा बीम कुठून येणार?

झोन३: फिटरला बोलण्याआधी ड्रॉइंग बघा. कॉलमच्या दोन्ही टोकांना अंतर म्हणजे लहान बाजूचा चौथा हिस्सा, सळईच्या ६ पट आणि १०० यांतलं सर्वांत कमी. तुमच्याकडे ७५, ९६, १००. म्हणजे ७५. हा पट्टा वरून ७५० आणि खालून ७५०.

आणि ८ मिमी पुरत नाही. कव्हर ४० धरलं तर गाभा २२० × ६७०. लांब बाजू दोन क्रॉस-टायने (रिंगेला आडव्या बांधणाऱ्या सळयांनी) तीन भागांत तोडली, तरी ७५ वर रिंगेच्या सळईचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौ. मिमी लागतं. ८ ची ५०, १० ची ७८, १२ ची ११३. तेव्हा १२ मिमी ७५ वर, नाहीतर १० मिमी ६० वर. दाटी होईल, म्हणून खडी १० मिमीची घ्या आणि व्हायब्रेटरची नीडल बारीक ठेवा.

मुलुंड_साइट: लॅप स्लॅबजवळून हलवून दोन दाट पट्ट्यांच्या मधे आणला तर सगळ्या सळया एकाच ठिकाणी येतात.

गाभा१३५: एका जागी निम्म्यांपेक्षा जास्त नकोत. लॅप ७२५ मिमी, मधली जागा १४००, त्यात दोन टप्पे बसत नाहीत. म्हणून निम्म्या सळयांचा लॅप या मजल्यावर, उरलेल्यांचा पुढच्या. लांब सळया डुलतात, त्यांना टेकू द्या. लॅपच्या लांबीत रिंगा १०० च्या आत.

झोन३: वरची शिअर वॉल (भूकंपाचा आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) स्टिल्टला थांबत असेल तर खालच्या कॉलमला दाट रिंगा पूर्ण उंचीभर. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत स्टिल्टवरच्या इमारती कोसळल्या. भूज तिथून २०० किमीहून लांब, आणि शहर मुंबईसारखंच झोन ३ मधलं. फक्त हे आकडे साइटवर पेनाने बदलू नका, कन्सल्टंटकडून सुधारित ड्रॉइंग सहीसकट मागवा.