मदत हवी आहे: गावच्या घरी फ्री डिशची छत्री कुठे लावू? सिग्नल येतच नाहीये

पडवीतला_झोपाळा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. नवरात्रासाठी गावी आलोय, परवा रात्रीच्या गाडीने परत मुंबई. आईबाबांसाठी डीडी फ्री डिशचा बॉक्स आणलाय, छत्री घरी होतीच, पडवीच्या वर वाशाला पट्टी मारून लावलेली. सगळं जोडलं तर टीव्हीवरच्या सिग्नलच्या पट्ट्यांत स्ट्रेंग्थ ८० च्या वर आणि क्वालिटी शून्य. समोर मोठा रायवळ आंबा आहे, बाबा म्हणतात फांद्या तोडू, मला अजिबात तोडायचा नाहीये, आजोबांच्या हातचं झाड आहे. छत्री कौलांवर अजून वर घेऊ का दुसरीकडे लावू? लवकर सांगा प्लीज.

मालवणी_माणूस
कौलार चढू नकात, पयला ह्यां सांगतंय. पावसाळा संपता संपता कौलांवर शेवाळ असतं, आणि एक कौल फुटलं तर परतीच्या पावसात घरभर गळती. छत्री अंगणात पाइपावर लावा. पाइप गॅल्व्हनाइज्ड घ्या, साध्या लोखंडाला खारी हवा खाते, आमच्याकडे तर नटबोल्टसुद्धा उरत नाहीत.

डोंगरपायथा
गाव कुठलं? तालुका तरी सांगा. छत्री "घरी होतीच" म्हणजे कुठली? तोंड कुठल्या दिशेला?

फायबर_पुणे
छत्रीच्या भानगडीत पडूच नका, फायबर घ्या आणि स्मार्ट टीव्ही. आम्ही दोन वर्षांपूर्वी सगळं काढून टाकलं, आता आई यूट्यूबवर कीर्तनं लावते.

पडवीतला_झोपाळा
@फायबर_पुणे फायबर गावात आलेलं नाही, मोबाईलला रेंज पण विहिरीजवळ गेल्यावर येते. छत्रीचं विचारलंय हो.

जुनी_काठी
छत्री काढा आणि सरळ काठीचा अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना लावा उंच बांबूवर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हापासूनचे प्रेक्षक आहोत आम्ही, त्या अँटेनाला पाऊस लागला तरी चित्र जात नसे.

रेडिओवाला
@जुनी_काठी काका, जमिनीवरचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर दूरदर्शनने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले, त्या काठीवर आता गावाकडे काही दिसणार नाही. पावसाचं मात्र तुमचं बरोबर आहे. छत्रीचा सिग्नल केयू बँडचा (फार उच्च फ्रिक्वेन्सीचा), मुसळधार पावसात तो थोडा वेळ जाणारच. सेटिंग अगदी अचूक असेल तर कमी जातो, ६० च्या जागी ९० सेंटीमीटरची छत्री असेल तर आणखी कमी.

पडवीतला_झोपाळा
संगमेश्वर तालुका. छत्री टाटाची जुनी आहे, रिचार्ज परवडेना म्हणून बाबांनी बंद केलं होतं. तोंड साधारण दक्षिणेला. तेव्हा याच जागेवर चॅनेल मस्त दिसायचे म्हणून वाटलं नुसता बॉक्स बदलला की झालं.

डोंगरपायथा
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! आंब्याचा काही संबंध नाही.

रेडिओवाला
बरोबर. टाटाचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, फ्री डिश जीसॅट-१५ वर म्हणजे ९३.५ ला. तुमच्या तालुक्यातून छत्री आत्ता आहे त्यापेक्षा २० एक अंश पूर्वेकडे फिरवावी लागेल (होकायंत्रावर साधारण १२८, म्हणजे आग्नेय) आणि ७-८ अंश खाली झुकवावी लागेल, उंचीचा कोन ५९ च्या आसपास येतो. ५९ म्हणजे छत्री आकाशाकडे उताणी करू नका, ही ऑफसेट छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, मागच्या पट्टीवर आकडे असतात ते बघून लावा. नुसती स्ट्रेंग्थ दिसते त्याला अर्थ नाही, वायर एलएनबीपर्यंत (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) जोडलेली आहे एवढंच त्यातून कळतं. बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्ही, सिंबल रेट २९५०० टाका आणि क्वालिटीचा पट्टा बघत एकेक बोटभर हलवा, प्रत्येक वेळी दोनतीन सेकंद थांबा, बॉक्सला वेळ लागतो. शेवटी एलएनबी क्लॅम्पमध्ये सैल करून थोडा गोल फिरवा, जिथे क्वालिटी जास्त तिथे आवळा. बरेच जण हेच विसरतात.

पडवीतला_झोपाळा
आग्नेयेलाच तर आंबा आहे!! म्हणजे तोडावा लागणार?

डोंगरपायथा
तोडू नका. झाड छत्रीपेक्षा ३० फूट उंच असेल तर त्या बाजूच्या फांद्यांपासून छत्री १८-२० फूट मागे असली की सिग्नल शेंड्यावरून येतो. सोपा उपाय सांगतो, आत्ता सप्टेंबरअखेर आहे ना, या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो (मार्चच्या मध्यातही येतो). उद्या पावणेअकरा ते अकरा अंगणात फिरा, जिथे स्वच्छ ऊन पडतंय तिथे छत्री चालणार, जिथे आंब्याची सावली आहे तिथे नाही.

मालवणी_माणूस
म्हणून म्हणतोय अंगणात पाइप! दीड फूट खड्डा, सिमेंट, पाइप ओळंब्यात उभा.

डोंगरपायथा
अंगणात पाइपाला गुरं अंग घासतात, पोरं लोंबकळतात, एका बोटाने हललं की गेलं चित्र. चिऱ्याच्या भिंतीला अँकर बोल्टने लावा. आणि संगमेश्वरात कसली खारी हवा.

मालवणी_माणूस
चिरा पावसात भिजून मऊ होतो, बोल्ट ढिले पडतात. आमच्या वाडीत बघितलंय. आणि सिमेंट सुकायला वेळ द्या, ओल्या पाइपावर सेटिंग करू नका. विजा चमकायला लागल्या की वायर काढून ठेवायला बाबांना सांगा, ऑक्टोबरात आपल्याकडे विजा फार.

गोधडी
माझ्या सासूबाईंना पण फ्री डिश घ्यायचंय, त्यावर क्रिकेट दिसतं का?

पडवीतला_झोपाळा
सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा वाजता गोठ्याच्या बाजूला पूर्ण ऊन होतं, तिथल्या चिऱ्याच्या गडग्यात गवंड्याकडून पाइप सिमेंटमध्ये बसवून घेतला, दुसऱ्या दिवशी छत्री लावली. बराच वेळ काही नाही, मग एलएनबी फिरवल्यावर क्वालिटी एकदम ७० वर गेली. सह्याद्रीच्या बातम्या लागल्या, बाबा खूश, आंबाही जागेवर आहे. फक्त शेजाऱ्यांकडे दिसतात त्यातले बरेच चॅनेल आमच्याकडे येत नाहीत.

रेडिओवाला
बॉक्स एमपीईजी-२ वाला (जुन्या व्हिडिओ फॉरमॅटचा) दिला असेल, एमपीईजी-४ (नव्या फॉरमॅट) चे चॅनेल त्यावर उघडत नाहीत. खोक्यावर काय लिहिलंय बघा, दुकानदाराकडून बदलून घ्या आणि मग पुन्हा ऑटो स्कॅन मारा. छत्रीला हात लावायची गरज नाही.