स्थायी समिती नको म्हणणाऱ्यांना

नदीकाठी
पुण्यातल्या आमच्या परिसराच्या गटावर एकाने लिहिलं: ‘निवडणूक झाली, टक्केवारी परत आली. प्रशासक होते तेव्हा कॅमेरे, बंब, दिवे यांच्या खरेदीला कुणी आडवं येत नव्हतं. महापालिकेचे खर्च मंजूर करणारी ही स्थायी समिती कायमची बंद करा.’ खाली धडाधड अंगठे. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आडवं येणार कोण होतं? मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. प्रशासक म्हणून आयुक्तच प्रस्ताव पाठवणार, स्थायी समिती म्हणून तेच मान्य करणार आणि मुख्य सभा म्हणून तेच शिक्कामोर्तब करणार. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पडून १७ जण गेले. २५ जुलै २०२४ ला इथे एकता नगरीत पाणी घुसलं, पुलाची वाडीत तिघे विजेच्या धक्क्याने गेले. दोन्ही शहरांत प्रशासकच होते. सभागृहच नव्हतं, तर जाब विचारायचा कुठे? स्थायीत १६ सदस्य असतात, त्यात विरोधक असतात. एखादा तरी उठून ‘विषय पुढे ढकला, माहिती द्या’ म्हणतो. जनतेच्या सुरक्षिततेचा पैसा एका सहीवर जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पेठेतला
साफ असहमत. घाटकोपरचं होर्डिंग रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होतं, ते सोयीस्कर विसरलात. आणि कमला मिल? २९ डिसेंबर २०१७, आगीत १४ बळी. तेव्हा मुंबईत नगरसेवकही होते, स्थायीही होती. काय उपटलं?

स्थायीत काय चालतं ते ठेकेदाराकडे हिशेब लिहिताना जवळून पाहिलंय. मार्च जवळ आला की वर्गीकरणाचे प्रस्ताव. मोठ्या कामाचा निधी उचलायचा आणि प्रभागात कमानी, बाकडी, कॅमेरे. तेही आयत्या वेळचे विषय म्हणून, चर्चेविना. आमच्या चौकातल्या खांबावर ‘यांच्या प्रयत्नातून’ ही पाटी ठळक, आणि कॅमेऱ्याची वायर खाली लोंबतेय. त्याच खांबाखालून माझी गाडी चोरीला गेली. चित्रीकरण मागायला गेलो तर शेवटी समोरच्या सराफाच्या दुकानातलं मिळालं.

नदीकाठी
वायर लोंबत होती ती प्रशासकाच्या चार वर्षांतही लोंबतच होती ना?

गच्चीवरून
कॅमेरे, कॅमेरे! कॅमेरा चोर गेल्यावर दिसतो. आगीचं बोला की कुणीतरी. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. मी सोसायटीची सचिव झाल्यावर एकेक मजला उतरत लाल पेट्या उघडल्या. एकीत होज नाही, चपला आणि मुलांची बॅट. पितळी नोझल बऱ्याच मजल्यांवरून गायब. तळघरातला पंप ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर टाकलेला, कारण रात्री आवाज होतो अशी पहिल्या मजल्याची तक्रार. गच्चीवरच्या आगीच्या टाकीला जोड मारून बागेची नळी लावलेली. आणि फाइलमध्ये फॉर्म बी सही-शिक्क्यानिशी तयार! स्थायी असो की प्रशासक, हा कागद खरा की खोटा हे बघायला माणूस कोण पाठवणार?

दहावा मजला
म्हणजे शेवटी दोष रहिवाशांचाच का? आमच्या बिल्डरने पंप बसवला, वर्षभरात बंद पडला, अजून हस्तांतरण नाही. दुरुस्तीला लाखांत खर्च सांगतात. आई दहाव्या मजल्यावर, गुडघे गेलेले, जिना उतरवत नाही. मालमत्ता कर मी भरायचा आणि हाही खर्च मीच करायचा?

गच्चीवरून
हो, करायचाच. कायद्याने जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची आहे. बिल्डरशी भांडा, पण तोवर वर्गणी काढून पंप चालू करा. लॉबीच्या ग्रॅनाइटला पैसे निघतात तेव्हा कुणाला हस्तांतरण आठवत नाही.

दहावा मजला
ताई, आमच्या लॉबीत ग्रॅनाइट नाही, साधी फरशी आहे. न बघता लोकांना सुनावू नका.

पेठेतला
सोसायटीवाल्यांचं बरं आहे, निदान बंब फाटकापर्यंत येतो. आमच्या बोळात दोन्ही बाजूंनी चारचाक्या. त्या उचलायचा ठराव कुठला नगरसेवक मांडेल? मतं जातात. इथे अधिकारीच हवा.

निवृत्त आस्थापना
एका महापालिकेत आस्थापना विभागात नोकरी झाली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. कॅमेरे आणि बंब एका पारड्यात टाकू नका. कॅमेरे पोलिसांच्या कामाचे, आणि पोलीस राज्याचा विषय. अग्निशमन १९४९ च्या महापालिका अधिनियमात महापालिकेचं बंधनकारक काम आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीतही सातव्या क्रमांकावर आहे. तरी नगरसेवक निधी टाकतात कॅमेऱ्यावर, कारण तो चौकात दिसतो.

दुसरं, बंब घेणं सोपं, त्यावर चढणारे जवान आणायचे कुठून? आकृतिबंधाला, म्हणजे कुठल्या खात्यात किती पदं याच्या आराखड्याला, मंजुरी मंत्रालयातून लागते. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरती अडते. त्यातच २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुण्यात घेतली. हद्द शासनाच्या अधिसूचनेने एका दिवसात वाढते, जवानांची पदं तशी वाढत नाहीत. फॉर्म बी तपासायला माणूस का येत नाही, त्याचं मूळ इथे आहे. स्थायी काय आणि प्रशासक काय, दोघांचेही हात तिथे बांधलेले.

पेठेतला
३५ टक्क्यांचं पटलं. पण मग स्थायीने निदान शासनाकडे तगादा लावावा की नाही? कमानीच्या उपसूचनेला एकमत होतं, जवानांच्या पदांसाठी का होत नाही?

नदीकाठी
हेच तर मी म्हणतोय! तगादा लावायला समिती हवी. आयुक्त शासनाचाच अधिकारी, तो शासनाशी काय भांडणार?

पेठेतला
तुमचं मान्य करतो असं समजू नका. प्रभागातल्या कॅमेऱ्यांच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली आहे ते पानासकट इथे टाका. मग पुढचं बोलू.

गच्चीवरून
दहावा मजला, तुमच्या आईंसाठी सांगते. पंप बंद असला तरी बाहेर बंबाचा पाइप जोडायचं तोंड असतं, ते उघडं आणि मोकळं आहे का आजच बघून या. आमच्याकडे त्याच्यापुढे गाडी लावलेली असायची.