टोनी बोर्डेनचे एपिसोड बघताना काय टिपलंत? (खान्देशी मंडळींनी लिहाच)

गिरणाकाठ
काल मोबाइलवर एक तुकडा समोर आला. काळंपांढरं चित्र, पास्ता गुंडाळणारा उंच माणूस. स्क्रीन बिघडलेली नव्हती. टोनीच्या ‘नो रिझर्व्हेशन्स’ या भटकंती-खाण्याच्या कार्यक्रमाचा रोमचा भाग होता तो, २०१० चा, अख्खा ब्लॅक अँड व्हाइट. खाण्याच्या कार्यक्रमातून रंगच काढून टाकायचा, काय हिंमत! पण वाफ, घाम, चीजचा खरखरीतपणा उलट जास्त दिसतो.

अँथनी (टोनी) बोर्डेन, हा अमेरिकी शेफ, ८ जून २०१८ ला गेला. फ्रान्समध्ये, शूटिंग चालू असताना, वय ६१. त्यावर हळहळ भरपूर लिहून झालीये. इथे नियम एकच: ‘मला काय वाटलं’ नको. काय बघितलं, ते घरी कसं जमतं, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहा. विनोद दुआंचा खाण्याचा कार्यक्रम ‘ज़ायका इंडिया का’ पण चालेल.

माझी भर: एखादा भाग आवाज बंद करून बघा. पदार्थ ताटात यायच्या आधी हात, विस्तव, गल्ली, भांडी यांचे कितीतरी शॉट जातात. मग आवाज लावून बघा. निवेदन तो स्वतः लिहायचा, त्यामुळे चित्रात दिसतं तेच पुन्हा तोंडाने सांगत नाही. आपल्याकडे कढईत कांदा पडताना ‘आता आपण कांदा घालणार आहोत’ म्हणतात, तो प्रकार नाही.

भुसावळ_आऊटर
पहिला! (गाडी आऊटरला थांबायच्या आत)
वाचतोय. आधी डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग चॅनल होतं ना, २०१० मध्ये त्याचंच टीएलसी झालं. केबलवाल्याच्या यादीत दोन्ही नावं बरेच दिवस होती.

चिकूकाकू
त्या रोमच्या भागातला पास्ता म्हणजे काचो ए पेपे. जिन्नस तीनच, म्हणून फसतो. २०० ग्रॅम पास्ता, १०० ग्रॅम बारीक किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), दीड चमचा जाडसर कुटलेली मिरी. मिरी कोरडी परतायची. पास्ता कमी पाण्यात शिजवायचा म्हणजे पाणी पिठाळ होतं. ते पळीभर पाणी जरा निवू द्यायचं, चीजमध्ये घालून सरसरीत करायचं, आणि भांडं गॅसवरून उतरवून मग पास्त्यात मिसळायचं. उकळत्या पास्त्यावर चीज टाकलं की त्यातलं प्रथिन आवळतं आणि च्युइंगमसारखे गोळे होतात. पिठल्याच्या गुठळ्या घोटून मोडतात, या नाही मोडत.

तिथे तो पास्ता चीजच्याच कुरकुरीत वाटीत देतात. तव्यावर किसलेलं चीज जाळीदार वितळवायचं आणि गरम असतानाच उपड्या वाटीवर घालायचं. दहा सेकंद उशीर झाला की पापड.

शेव_कमी_रस्सा_जास्त
हनोईचा भाग कुणीच नाही आणला अजून? ओबामा, प्लॅस्टिकचं स्टूल, बुन चा (भाजलेलं पोर्क, तांदळाच्या शेवया), थंड बिअर. मे २०१६. बिल सहा डॉलर, म्हणजे तेव्हाचे चारशे रुपये. ते टेबल त्या हॉटेलवाल्याने नंतर काचेच्या पेटीत ठेवलंय.
आपल्याकडे शेवभाजीवाला दोन माणसांचे तेवढेच घेतो, राष्ट्राध्यक्ष नसताना 😀

तापीपल्याड
बुन चा घरी करणाऱ्यांसाठी. पोर्कऐवजी चिकनचा खिमा घेतलात तर मांडीचाच घ्या, छातीचा कोरडा पडतो. पाव किलो खिम्याला एक चमचा फिश सॉस, एक चमचा साखर, बारीक चिरलेला कांदा, लसूण, मिरी. छोट्या चपट्या टिक्क्या करून दुमडत्या जाळीत बंद करायच्या, म्हणजे एकदम पलटता येतात.

खरी मेख त्या पाण्यात आहे. फिश सॉस १, साखर १, लिंबू किंवा व्हिनेगर १, कोमट पाणी ५. साखर आधी पाण्यात विरघळवायची, लसूण-मिरची शेवटी. कच्ची पपई आणि गाजराचे पातळ काप त्यातच. भाजलेलं मांस थेट त्या पाण्यात पडतं. तांदळाच्या शेवया आणि पाला वेगळा असतो, घासाघासाला बुडवून खायचा. लोक सगळं एकत्र कालवतात आणि म्हणतात पांचट लागतं.

निखाऱ्यावर पांढरी राख चढल्याशिवाय जाळी ठेवू नका. आधी ठेवली तर चरबी ठिबकून भडका उडतो, बाहेरून काळं आतून कच्चं. निखारे उरले तर त्यावर वांगं टाकून द्यायचं, भरीत फुकटात.

पराटी
दादा बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य मागे घ्या.

भरताचं वांगं निखाऱ्यावर नाही, पराट्यांवर भाजायचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ उंच आणि झटपट असतो, वांग्याला चहूबाजूंनी लपेटतो. साल दहा-पंधरा मिनिटांत कोळसा, आत गर वाफेवर शिजलेला. निखारा मंद. वांगं तासभर बसतं, पाणी सुटतं, धुराचा वास लागत नाही.

वांगं आपलं पांढरट हिरवं, बामणोद-आसोद्याकडचं, बिया कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, केळीला पण. आधी सुरीने चार-पाच टोचे मारा नाहीतर फुटतं. साल गरम असतानाच काढा आणि पाण्याखाली धरू नका, बोटं पोळली तरी चालतील. झाकूनही ठेवू नका, घाम सुटून तेच पाणी गरात मुरतं.

दोन वांगी मिळून एक किलो धरा. पंधरा हिरव्या मिरच्या तेलात परतून, वीसेक पाकळ्या लसूण. बडगीत (लाकडी उखळीत) आधी मिरची-लसूण-मीठ, मग गर. लाकडी मुसळ्याने ठेचायचं, वाटायचं नाही. सुरुवातीला आवाज ठक ठक येतो, गर मिळून आला की चप चप होतो, तिथे थांबायचं. मिक्सरला लावलंत तर चिकट खळ होते, पोस्टर चिकटवायला बरी. वरून पाऊण वाटी तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठ मूठ कांद्याची पात आणि कोथिंबीर.

तापीपल्याड
मागे घेतलं. दंडवत.

आठवा_मजला_पुणे
गॅसवर कसं करावं? पराट्या कुठून आणू आता :(

पराटी
@आठवा मजला, तेल चोळून मोठ्या आचेवर सतत फिरवत भाजा. देठाकडे शेवटी तीन मिनिटं उभं धरा, तिथेच कच्चं राहतं. गर चाळणीत पाच मिनिटं निथळा. धूर हवाच असेल तर पेटता कोळसा वाटीत, वर तुपाचा थेंब, झाकण दोन मिनिटं. पण ते सोंग झालं.

सातपुडा
वाखू (वाचनखूण) साठवली.

चिकूकाकू
पंजाबचा भाग पाहिला का कुणी? २०१४ चा. शाकाहारावर आयुष्यभर तोंडसुख घेणारा माणूस अमृतसरात वरमतो. तो लंगरात जमिनीवर बसतो तो भाग बघा.

शेव_कमी_रस्सा_जास्त
त्याला शेवभाजी द्यायला हवी होती, मांस आठवलंच नसतं.
फसण्याची जागा: शेव. फरसाणातली नाही चालत, भाजीची जाड शेव लागते. तिच्यात सोडा नसतो. सोड्याची शेव रश्श्यात पडली की फुगून लगदा. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजा, मसाला तेलात परतताना कडेने तेल सुटू द्या, मग उकळतं पाणीच घाला, गार घातलं की तर्री बसते. शेव ताटात वाढायच्या दोन मिनिटं आधी. पाहुणे ‘आलोच’ म्हणाले म्हणून टाकू नका, ते दारात दिसले की टाका.

भुसावळ_आऊटर
आणि त्याच्यासंगे कळण्याची भाकर. लई भारी शे भो!

आठवा_मजला_पुणे
कळण्याचं प्रमाण द्या ना कुणी. इथे गिरणीवाला ‘कळणा’ म्हटलं की माझ्याकडे बघत बसतो.

सातपुडा
ज्वारी ४, अख्खे सालीचे उडीद १, खडा मीठ बेताने, एकत्र दळायचं. उडदाचा चिकटपणा असल्याने उकड लागत नाही, कोमट पाणी पुरतं. पंधरा दिवसांपुरतंच दळा, जुन्या पिठाला थापताना चिरा जातात.

गिरणाकाठ
अरे धागा टोनीचा आहे 😀 दुआंवर कुणी लिहिणार का? ४ डिसेंबर २०२१ ला तेही गेले.

तापीपल्याड
दोघांत फरक असा की बोर्डेन मुळात स्वयंपाकी, दुआ पत्रकार. एकाची नजर चुलीकडे, दुसऱ्याची गिऱ्हाइकाच्या द्रोणात. बोर्डेन बघून कृती सुचते, दुआ बघून भूक लागते. दोन्ही लागतात. बैरुतचा भाग मात्र वेगळाच आहे. जुलै २००६, शूटिंग चालू असताना युद्ध पेटलं, सगळे हॉटेलात अडकले आणि शेवटी अमेरिकी नौदलाच्या जहाजातून बाहेर पडले. त्यात खाणं जवळजवळ नाहीच.

आखाजी
उशिरा आले, कुकर लावला होता. खान्देशात कॅमेरा आणायचा तर आमच्या सणाला आणावा, अक्षय्य तृतीयेला. मांडे हातावर फिरताना दाखवायचे, कापू नयेत, एकच लांब शॉट.
गहू धुऊन, ओलसर दळून, वस्त्रगाळ पीठ. सैल भिजवून दोन तास झाकून ठेवायचं, घाई केली की पारी मागे ओढली जाते. दोन पुऱ्यांमध्ये त्यांच्या वजनाइतकं पुरण, कडा दाबून जरा लाटायचं, मग दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचं. हात थांबला की मधोमध फाटतो. पुरणात डाळीचा एक अख्खा दाणा राहिला तरी तिथून भोक. अंगठ्या-बांगड्या आधी काढा. उपड्या खापरावर टाकताना लांबचा हात आधी सोडायचा. आमरसाबरोबर.

भुसावळ_आऊटर
आमरस म्हटल्यावर आज काम होणार नाही.

चिकूकाकू
अवांतर: ढगाळलंय, बिबडे (ज्वारीचे पापड) घातलेत, अर्धे ओले आहेत. काय करू?

आखाजी
काकू कपड्यासकट उचला, घरात पंख्याखाली पसरा. सोडवायची घाई नको, तुकडे पडतील. उद्या ऊन आलं की कापडाला मागून पाणी शिंपडा, आपोआप सुटतील.

आठवा_मजला_पुणे
पराट्यांचं अजून कुणी सांगितलं नाही.

पराटी
थंडीत कपाशी उपटली की बांधावर ढीग असतात. गावाकडून येणाऱ्या कुणालाही एक मोळी आणायला सांगा. वांगीही त्याच्याकडेच द्या, नुसत्या काड्या आणायला कोण तयार होईल!