मदत हवी आहे : पूलची (बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाची) मॅच बघणाऱ्यांना गोडी कशी लावायची?

नमस्कार मंडळी. आम्ही नाइन-बॉलच्या, म्हणजे काठीने पांढरा बॉल मारून एक ते नऊ नंबरचे बॉल क्रमाने खेळायच्या पूलच्या स्पर्धा घेतो. खेळणारे भरपूर येतात, खुर्च्या मात्र रिकाम्याच.

मला वाटतं, खरी अडचण अशी आहे की मुरलेला खेळाडू अवघड शॉट स्वतःवर येऊच देत नाही. पांढरा बॉल असा आणून ठेवतो की पुढचा शॉट सोपाच उरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष! परवा एकाने पांढरा बॉल तीन कुशनना (टेबलाच्या रबरी कडांना) लावून सहा नंबरपासून वीतभर अंतरावर बरोबर रेषेत आणला. अंगावर काटा आला माझ्या. टाळी एकच वाजली, तीही प्रतिस्पर्ध्याची.

त्यात टेबल ९ फुटी, बॉल सव्वादोन इंची. तिसऱ्या रांगेतून काय दिसणार?

गर्दी जमतच नाही असंही नाही. १९९४ पासून चालणाऱ्या मोस्कोनी कप या नाइन-बॉलच्या सांघिक स्पर्धेत युरोप विरुद्ध अमेरिका म्हटल्यावर प्रेक्षक अक्षरशः गर्जत असतात. मग सांघिक सामने ठेवावेत का? कुणी टेबलावर कॅमेरा टांगून मोठ्या पडद्यावर दाखवलंय का? आणि चालू मॅचमध्ये समालोचन केलं तर खेळाडूंचं लक्ष उडतं का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.