मदत हवी आहे: बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, लघवी पुन्हा लाल येते

राजेहो, कोणाच्या घरी हे झालं असन त सांगा जरा. बाबांचं दुर्बिणीवालं ऑपरेशन यवतमाळले झालं, नळी काढून घरी आणलं, मंधात लघवी साफ येत होती पण कालपासून पुन्हा गुलाबी येऊन रायली, जळजळ त हायेच अन् रात्री घडीघडी उठा लागते, खोकलले का थेंब कपड्यातच. सुटी देतानी डॉक्टर म्हणे आतली खपली दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटते तवा थोडं रक्त दिसू शकते, पाणी भरपूर प्या, वजन उचलू नका. रक्ताच्या गाठी आल्या, लघवी अडकली नाहीतर थंडी वाजून ताप आला त लगेच आणा म्हणे. तसं काही नाही.

पण संडासले कडक होते, जोर लावा लागते, त्याच्यानंच झालं का हे? त्यात म्हातारा कपाशी पाहाले गाडीवर जातो म्हणते, ऐकतच नाही! हे गळणं तुमच्याकडे किती दिवस रायलं? अन् रक्त पातळ व्हायची गोळी बंद हाय, ते कधी चालू करायची हे डॉक्टरलेच विचारीन, सोमवारी नेतोच हावो दाखवाले.